कोसागरोनच्या हौदावरून काय दिसतं

नेमत-अका रस्त्याने चालताना पायाखाली कधी बघत नसत. नजर सदा वर. कुणाच्या गच्चीवर नव्या विटा रचल्यात, कुणाच्या छपराला अचानक खिडकी फुटलीय, हे बघता बघता बुखाऱ्याच्या जुन्या गल्ल्यांतला एकही खड्डा त्यांनी सोडला नव्हता. ते लंगडत आले की कोसागरोन मोहल्ल्यातल्या बायका दारातून विचारत, "अका, आज कुणाचा मजला सापडला?"

शहराच्या बांधकाम कचेरीत हा माणूस चौतीस वर्षं मोजणीचं काम करत होता. लागला तेव्हा साहेबांच्या मागे फितीचं टोक धरून पळायचा. पुढे फीत स्वतःच्या हातात आली, आणि त्यानंतर नकाशा. लोक माघारी त्यांना 'नेमत-गज' म्हणत आणि समोर आदराने छातीवर हात ठेवत. सख्ख्या मेहुणीचा कबुतरखाना त्यांनी हातभर उतरवायला लावला होता. तेव्हापासून तीन नवरोज झाले, तिच्याकडून सुमलकची, सणाला घरोघर वाटतात त्या गव्हाच्या खिरीची, वाटी आली नव्हती. नेमत-अकांना सुमलक फार आवडायचं, पण नियम म्हणजे नियम.

नियम त्यांचेच होते. जुन्या शहराभोवती नकाशावर एक हिरवी रेघ होती आणि ती नेमत-अकांच्या हातची होती. रेघेच्या आत दोन मजले, सात मीटर, त्यावर वीतही नाही. पण नुसत्या रेघेने भागत नाही हे त्यांना पहिल्यापासून कळत होतं. रेघेच्या बाहेर कुणी ताड उभा केला तर तो रेघ बघून वाकणार थोडाच? म्हणून बारा वर्षांपूर्वी आराखडा पक्का होताना त्यांनी एक वाक्य त्यात घुसवलं होतं: 'कोसागरोन हौदाच्या काठावरील मोठ्या बैठकीवर बसलेल्या माणसाला मदरशाच्या घुमटांमागे आभाळाखेरीज काहीही नवे दिसता कामा नये.'

या वाक्याचा त्यांना कोण अभिमान! लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे ते हे वाक्य म्हणून दाखवत. हौदाकाठी तुतीच्या झाडाखाली चायखान्याची ती बैठक होती, बारा माणसं मांडी घालून बसतील एवढी लाकडी, तीन बाजूंनी कठडा आणि हौदाच्या बाजूने पायरी. अख्खा मोहल्ला तिच्यावर बसूनच म्हातारा झाला होता.

नेमत-अका निवृत्त व्हायला महिना उरला असताना तोहिर-बेकचं हॉटेल आलं.

तोहिर-बेक काही राक्षस नव्हता. गोल चेहऱ्याचा, हसतमुख, प्रत्येकाच्या मुलाबाळांची चौकशी करणारा माणूस. त्याला मदरशाच्या मागे सात मजली हॉटेल बांधायचं होतं, आणि जागा घेतली होती रेघेच्या बरोबर तीस पावलं बाहेर.

"अका, रेघ तुमची," तो म्हणाला. "मी तिला धक्का लावलाय का? तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघितलंसुद्धा नाही."

"रेघ सोड. ते वाक्य वाच."

"वाचलं. 'दिसता कामा नये.' दिसेल कशावरून? बांधलंच नाही अजून."

प्रश्न बिनतोड होता. ताश्कंदहून तीन जणांची समिती येणार होती. तिने 'दिसत नाही' असं लिहून दिलं की हॉटेल उभं. आणि हॉटेल उभं राहिलं की कचेरीच्या कपाटात वाट बघत पडलेल्या आणखी सहा फायलींना पाय फुटणार होते. मग घुमटांमागे आभाळ शोधायला दुर्बीण लागली असती. चौतीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर येऊन बसली होती, आणि नेमत-अकांची झोप उडाली होती.

न बांधलेलं हॉटेल दाखवायचं कसं, याची युक्ती मात्र त्यांना सुचली. लग्नाचे मांडव सजवणाऱ्या दुकानातून त्यांनी पाच मोठे लाल फुगे आणले, गॅस भरून घेतले आणि हॉटेलच्या जागेवर पाच दोऱ्यांनी बांधले. दोरी पंचवीस मीटर, म्हणजे बरोबर सातव्या मजल्याचं छप्पर. फुग्यांवर सोनेरी अक्षरांत 'लग्न मुबारक' लिहिलेलं होतं. बिनअक्षरांचे मिळाले नाहीत.

गुरुवारी समिती आली. अध्यक्ष होते इल्होम सालिहोविच, अठ्ठावन्न वर्षांचे, दाढी गुळगुळीत, बोलणं मऊ, आणि शिष्टाचारात इतके पक्के की दारातून आत जाताना 'आधी तुम्ही' करत पाव तास घालवायचे. कागदावर लिहिलंय ते तसंच्या तसं करायचं, ही त्यांची ख्याती होती.

"आराखड्यात 'बैठकीवर बसलेल्या माणसाला' असं आहे," ते म्हणाले. "तेव्हा आपण बैठकीवर बसू, बघू, आणि तिथेच सही करू. चारची गाडी आहे."

मोहल्ल्याने ओशची, म्हणजे पुलावाची, कढई सकाळीच चढवली होती. पाहुणे पायरीशी आले, आणि नेमत-अकांचा उजवा हात आपोआप छातीवर गेला. "या, या! वर या, अजून वर! तोरवर बसा!" म्हणत त्यांनी तिघांनाही पायरीपासून सगळ्यात लांब, कठड्याला टेकून, मऊ गाद्यांच्या मानाच्या जागी बसवलं. नान मोडले, चहा ओतला. मग ते स्वतः पायरीपाशी बसले, मान वर केली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मदरसा होता पश्चिमेला. तोर होता पश्चिमेला. ताश्कंदचे तिन्ही पाहुणे घुमटांकडे पाठ करून हौदातल्या बदकांकडे कौतुकाने बघत होते, आणि त्यांच्या डोक्यामागे, निळ्या घुमटांच्या वर, पाच लाल फुगे ढळढळीत डुलत होते.

हे सगळ्यांना दिसत होतं. चायखानेवाल्या कमोलला दिसत होतं, मोहल्ल्याच्या लोकांना दिसत होतं, आणि तोहिर-बेकला तर फारच छान दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "अका, तुमच्या हातानं बसवलंत हो. अल्ला तुमचं भलं करो."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, सांगायचं की जरा मागे वळा! तोरवर बसवलेल्या पाहुण्याला उठ म्हणणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. आणि पाहुण्याने समोर नान मांडलेला असताना यजमानाकडे पाठ फिरवणं म्हणजे त्याने आपल्या थोबाडीत मारणं. नेमत-अकांनी आयुष्यात अर्ध्या बुखाऱ्याची छपरं उतरवली होती, पण पाहुण्याला तोरवरून उतरवण्याची त्यांची छाती नव्हती. आणि त्या वाक्यात बसलेल्या माणसाने कुठे तोंड करायचं हे लिहायला ते स्वच्छ विसरले होते.

"बरं," इल्होम सालिहोविच मिशीत हसत म्हणाले, "इथून तर मला आक्षेपार्ह काही दिसत नाही. तुम्हाला?" दोन्ही सदस्यांनी बदकांकडे बघून माना हलवल्या.

"लिहायचं ना मग?" तोहिर-बेकने पेन पुढे केलं.

"आधी ओश!" नेमत-अका जवळजवळ ओरडलेच. "ओश खाल्ल्याशिवाय सही? लोक काय म्हणतील! मी... मी गरम नान घेऊन येतो."

ते धावत सुटले ते नानच्या भट्टीवरून सरळ पुढे गेले आणि सफो-बोबोंच्या दारात थांबले. सफो-बोबो एक्क्याण्णव वर्षांचे. एके काळी मोहल्ल्यात वाडगे घडवणारे ते शेवटचे कुंभार. अंगणात पिंजऱ्यातल्या लाव्याला दाणे घालत बसले होते.

"बोबो, हौदावर चला. ओश आहे."

"माझ्या घरी आहे की ओश."

"दहा मिनिटं नुसते येऊन बसा."

"येऊन करायचं काय?"

"काही नाही. बसायचं."

"ते मी वीस वर्षं इथंच करतोय. तुझं काही तरी अडलंय. कुणाला उठवायचंय?"

नेमत-अकांनी दोन वाक्यांत सांगितलं. म्हातारा इतका हसला की लावा पिंजऱ्यात फडफडला. "अरे गाढवा, मी एकटा जाऊन काय होणार? मला मध्ये घेतील आणि तो माझ्या शेजारी तसाच पाठमोरा बसेल. तोर भरायचा तर पाच म्हातारे हवेत. माझी काठी दे. आणि पलीकडच्या दोघा भावांना हाक मार, एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला मार."

पाव तासाने हौदाच्या काठाने एक मिरवणूक आली. पाच जणांचं मिळून वय चारशे तीसच्या आसपास, दात मिळून सात-आठ. पुढे सफो-बोबो काठी टेकत, मागे ते दोघे भाऊ आणि आणखी दोन, सगळे इस्त्रीचे लांब चोगे आणि कशिद्याच्या नव्या टोप्या घालून. आणि सगळ्यात मागे नेमत-अका, काखेत नान घेऊन, जगातला सगळ्यात निरागस चेहरा करून.

बैठकीवरचे सगळे ताडकन उठले. इल्होम सालिहोविच सगळ्यांत आधी.

"बोबो, या, इथे, माझ्या जागी!"

"नको नको, तुम्ही पाहुणे."

"तुमच्यासमोर मी तोरवर? माझ्या वडिलांनी कबरीतून उठून कान धरला असता!"

सफो-बोबोंनी तीनदा नाही म्हणायचं ते रीतीप्रमाणे तीनदा म्हटलं आणि चौथ्यांदा गादीवर बसले. मग दुसरे आले, अध्यक्ष एक जागा सरकले. तिसरे आले, अध्यक्ष बाजूच्या कठड्याला लागले. चौथे आणि पाचवे आले तेव्हा दोन्ही सदस्य ओशच्या ताटाजवळ कसेबसे अंग चोरून बसले होते, आणि शिष्टाचाराच्या शर्यतीत हरणं माहीत नसलेले इल्होम सालिहोविच सरळ पायरीपाशी येऊन टेकले.

"आज इथे मी सगळ्यांत लहान," त्यांनी कमोलच्या हातातली किटली काढून घेतली. "चहा मी ओतणार."

धाकट्याने चहा ओतायचा, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. त्यांनी पहिला पियाला भरला, सफो-बोबोंकडे द्यायला हात लांब केला, नजर वर नेली, आणि पियाला हातातच राहिला.

"लग्न कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

सफो-बोबो नान चघळत होते. नेमत-अकांनी काखेतला नान खाली ठेवला. "कुणाचंच नाही, इल्होम सालिहोविच," ते म्हणाले. "तो सातवा मजला आहे."

अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. माणूस आळशी असेल, पण अप्रामाणिक नव्हता. त्यांनी पियाला खाली ठेवला, स्वतःच्या मानेवरून हात फिरवला आणि खुदकन हसले. "आणि मी बदकं बघत होतो!" मग किटली न सोडताच त्यांनी हुकूम दिला, "दोऱ्या ओढा. दिसेनासे होईपर्यंत ओढा."

एक सदस्य फोन घेऊन जागेवर पळाला. फुगे हळूहळू उतरू लागले. सातवा मजला गेला, सहावा गेला. घुमटाच्या खांद्याशी फुगे थोडे रेंगाळले, मग पाचही मदरशाच्या भिंतीआड बुडाले. दोरी मोजली तर हॉटेलला तीन मजले मिळत होते. अध्यक्षांनी तीन लिहिले, सही केली. बैठकीवर असा कल्ला झाला की बदकं हौदाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

तोहिर-बेक मात्र शांतपणे डाळिंब सोलत होता. "मंजूर," तो म्हणाला. "माझे चार मजले गेले, अल्लाची मर्जी. पण अका, नियम सगळ्यांना सारखा ना? मग तो निळा पत्रा कुणाचा?"

सगळ्यांनी बघितलं. डाव्या घुमटाच्या कमरेशी, फुग्यांच्या लालीमुळे आतापर्यंत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं तिथे, निळ्या पत्र्याचं एक छोटं छप्पर डोकावत होतं. खाली एक खिडकी. खिडकीत पडदा, पिवळ्या फुलांचा.

तो पडदा नेमत-अकांनी स्वतः टांगला होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी घरावर एक खोली चढवली होती. दोन मजले, सात मीटर, फितीने चार वेळा मोजून. पण जुन्या बुखाऱ्याची जमीन काही टेबलासारखी सपाट नाही. हजार वर्षांची घरं पडून पडून तिच्या टेकड्या झाल्यात, आणि त्यांची गल्ली हौदापेक्षा दोन पुरुष उंच आहे. मोहल्ल्याच्या प्रत्येक घराला त्यांनी ही अडचण ऐकवली होती. आपली खोली बैठकीवरून कशी दिसते हे बघायला मात्र ते कधी आले नाहीत. आले तरी उपयोग नव्हता. वयाने आणि हुद्द्याने मोठे म्हणून गेली दहा वर्षं लोक त्यांनाही तोरवरच बसवत होते. आपला तो बाब्या, दुसरं काय!

बैठकीवर आता कुणाला हसावं कळेना. इल्होम सालिहोविच कागदाची घडी घालत म्हणाले, "छोटी खोली आहे. समितीच्या कामात ती नाही."

"लिहा," नेमत-अका म्हणाले. त्यांचे कान तापले होते. "माझी आधी लिहा. ती राहिली तर उद्या यांचा चौथा मजला राहील, आणि तो बरोबरच असेल."

घरी जाताना त्यांनी मोहल्ल्याला तीन फेऱ्या जास्त मारल्या. कारण ती खोली त्यांची नव्हतीच, त्यांच्या बायकोची, मुहतरम-ओपांची होती. ओपा जरीचं भरतकाम करायच्या, नवरदेवांचे मखमली चोगे. डोळे अधू होत चालले तेव्हा उजेडासाठी म्हणून ती खोली चढवली होती.

"काय पाडून आलात?" सुई न थांबवता मुहतरम-ओपांनी विचारलं.

"हॉटेलचे चार मजले."

"न बांधलेले?"

"न बांधलेले."

"मग तोंड का असं? बक्षीस द्यायला हवं."

"आणि एक बांधलेला."

सुई थांबली. ओपांनी नवऱ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. "माझ्या बहिणीचा कबुतरखाना कापलात तेव्हा मी तुमची बाजू घेतली," त्या म्हणाल्या. "आज मला तिची माफी मागायला लावताय." त्या रात्री शोरबा गार होता, आणि दुसऱ्या दिवशी तोही नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या चादर डोक्यावर घेऊन निघाल्या. "दाखवा मला. कुठून दिसतं ते." चायखाना अजून उघडायचा होता. त्या पायरीपाशी बसल्या आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या. नेमत-अका कठड्याशी गुन्हेगारासारखे उभे होते.

"नमाजात सगळे सिजद्याला वाकलेले असावेत आणि एकच बाई मध्येच ताठ उभी असावी, तशी दिसते हो माझी खिडकी," ओपा शेवटी म्हणाल्या. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"मलाच माहीत नव्हतं."

"चौतीस वर्षं लोकांच्या छपरांकडे बघत फिरलात आणि आपलं दिसलं नाही!" त्या फणकारल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. "पाडा. पण खालची नकाशांची खोली माझी. तिला दक्षिणेचा उजेड आहे."

"तिथे माझी चौतीस वर्षं आहेत, मुहतरम."

"ती जिन्याखाली मावतील."

मावली. पुढच्या रविवारी मोहल्ला हशरला जमला. घर बांधायला सगळे मिळून राबतात तसे त्या दिवशी पाडायला राबले. तोहिर-बेक आपले चार गवंडी घेऊन आला. "खरंच पाडताय का ते बघायला आलो होतो," त्याने कबूल केलं, आणि बाह्या सरसावून शिडीवर चढला. मेहुणीही आली. येताना ती झाकलेला वाडगा घेऊन आली होती आणि तो तिने गुपचूप चुलीपाशी ठेवला.

पत्रा उतरला. कमोल खाली बैठकीवर उभा राहून बघत होता. "दिसतंय!" त्याचा आवाज गल्लीतून वर आला. तुळया उतरल्या. "अजून दिसतंय!" मग भिंत, एकेक थर. हौदाकाठी गर्दी जमत गेली, प्रत्येक थराला तिकडून तेच ओरडणं येई आणि वरून शिव्या जात. मुहतरम-ओपा अंगणात चहाचं तबक घेऊन उभ्या होत्या. खिडकीची चौकट निघाली तेव्हा त्यांनी मान फिरवली.

मग शेवटचा थर उतरला. आणि एकदम पन्नास-साठ गळ्यांनी हौदाकाठ दुमदुमला: "नाही दिसत! नाही दिसत!"

"काय म्हणतायत?" ओपांनी विचारलं.

"आपण दिसत नाही म्हणतायत," नेमत-अका म्हणाले. चेहरा विटांच्या धुळीने पांढरा झाला होता आणि त्यातून पाण्याचे दोन ओघळ उतरत होते. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

मुहतरम-ओपांनी तबक खाली ठेवलं आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने त्यांचं तोंड पुसलं. "माझ्या खिडकीसाठी सबंध मोहल्ला ओरडतोय," त्या म्हणाल्या. "होती तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. चला, चहा निवतोय."